लहान्या, हनी सिंग आणि एक फॉर्म

मंडळी, मागचा लेख विशाखापट्टणमच्या समुद्रावर होता, तो बऱ्याच जणांना आवडला. भिलाईवर कधी लिहिणार, असंही काहींनी विचारलं. खरं तर भिलाईला येऊन मला दीड वर्ष होत आलं, पण लिहायला बसलं की हात दुसऱ्याच विषयाकडे जायचा. आज भिलाईतूनच लिहितोय, मात्र भिलाईवर कमी आणि घरावर जास्त. समजून घ्या.

२७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ. नाइट शिफ्ट संपवून बॅरेकमध्ये आलो. ड्यूटीवर मोबाइल नसतो, त्यामुळे रात्रभराचे मेसेज सकाळी एकदम येतात. बूट काढता काढता बघितलं तर लहान्याचा मेसेज. एक लिंक, आणि खाली चार शब्द : दादा, गुरू परत आला.

लहान्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे भंडाऱ्याला धाकट्याला लहान्याच म्हणतात, त्याचं कागदावरचं नाव इथे नको. त्याचा गुरू म्हणजे यो यो हनी सिंग. आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, त्याचा ‘ग्लोरी’ नावाचा अल्बम आला होता. अठरा गाणी. मी लिंक उघडली नाही. आंघोळ केली, झोपलो. पण झोप काही लागली नाही, आणि कारण दिवसाचा उजेड नव्हता.

हनी सिंग कोण हे माझ्या वयाच्या वाचकांना थोडं सांगावं लागेल, तरुणांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पंजाबातल्या होशियारपूरचा मुलगा, खरं नाव हिरदेश सिंग. २०११ ला ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ आला आणि मग दोन-तीन वर्षं देशात एकही वरात त्याच्याशिवाय निघाली नाही. २०१३ चा लुंगी डान्स आठवतो ना? तोच. त्याच्या नावाने फिरणारी काही गाणी इतकी घाण होती की बायाबापड्यांसमोर लावायची सोय नव्हती. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर लोक चिडले आणि ३१ डिसेंबरचा त्याचा गुडगावचा कार्यक्रम रद्द करावा लागला. सगळ्यात वादग्रस्त गाणं आपलं नाहीच, असं तो सांगत आला. आमच्या नागपुरातही अश्लील गाण्यांवरून पाचपावली ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण इतकी वर्षं चाललं की २०२२ च्या फेब्रुवारीत कोर्टाच्या आदेशावरून त्याला पाचपावलीला येऊन आवाजाचा नमुना द्यावा लागला. ज्या आवाजाचे लोक लाखो रुपये मोजतात, तो त्याने ठाण्यात बसून फुकट दिला. मधल्या काळात २०१४ नंतर तो जवळजवळ गायबच होता. बायपोलर हा मनाचा आजार होता, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. २०२१ ला बायकोने दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केली. त्याने आरोप नाकारले, पुढे तडजोड झाली, २०२३ ला घटस्फोट झाला. २०२३ मध्ये एक अल्बम येऊन गेला होता, पण लहान्याच्या मते ती फक्त रंगीत तालीम होती. खरं परत येणं म्हणजे ‘ग्लोरी’.

आता २०१३ चं सांगतो. अनंत चतुर्दशी, १८ सप्टेंबर. मी सुट्टीवर घरी होतो. गावात दोन मंडळं, दोन डीजे आणि तलावाकडे जायला एकच बोळ. कोणाची गाडी आधी जाणार यावरून बाचाबाची झाली. दोन्हीकडच्या डीजेवर एकच गाणं, तेच लुंगीवालं, फक्त अर्ध्या ओळीच्या फरकाने. आजही ते कानावर पडलं की मला ते एकात एक अडकलेलं ऐकू येतं. मग कोणीतरी कोणाच्या डोक्यात काठी घातली. फिर्यादीत अकरा पोरांची नावं आली. लहान्या एकोणीस वर्षांचा होता. काठी त्याच्या हातात नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो नाचत पुढे होता, आणि पुढे असणाऱ्याचं नाव आधी लक्षात राहतं. कलम ३२४. जामीन दुसऱ्या दिवशी झाला. मी तीन दिवसांनी ड्यूटीवर परतलो, घरी सगळ्यांनी हे गावातलं भांडण म्हणून सोडून दिलं.

२०१५ ला लहान्या भरतीत निवडला गेला. दल कोणतं ते सांगत नाही, माझं नव्हे. पळण्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. बाबांनी गावात पेढे वाटले. नंतर अटेस्टेशन फॉर्म आला. ज्यांनी सरकारी नोकरीसाठी तो भरलाय त्यांना माहीत असेल, वरच ठळक इशारा छापलेला असतो : खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर अपात्र ठराल. आणि आत प्रश्न असतो, तुमच्यावर कोणता फौजदारी खटला चालू आहे का?

लहान्याने मला फोन केला. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो, फोनवर आवाज तुटत होता. तो म्हणाला, “दादा, इथं काय लिहू?”

मी म्हणालो, “नाही लिही.”

तो म्हणाला, “पण तारीख चालू आहे ना.”

मी म्हणालो, “अरे गावातली मारामारी कोण विचारते? होय लिहिलं तर फॉर्म बाजूलाच ठेवतील. नाही लिही अन् मोकळा हो.”

वर्दीतल्या मोठ्या भावाने सांगितलं म्हटल्यावर त्याने लिहिलं.

ट्रेनिंगला चार महिने झाले असतील. जिल्ह्यातून पडताळणीचा अहवाल गेला, त्यात केस निघाली. नोटीस, उत्तर, आणि एक दिवस ट्रंक घेऊन तो भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरला. बाबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, खोटं काऊन लिहिलं? तो खाली मान घालून म्हणाला, चुकलं. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी फोनवर होतो. मीही घेतलं नाही.

त्यानंतर बाबांची एक सवय झाली. पाहुणे आले की म्हणायचे, मोठा वर्दीत आहे, अन् लहान्याने खोटं बोलून वर्दी घालवली. शिवी दिल्यासारखं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. लहान्या समोर चहा देत असायचा. २०२१ ला बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांना तेवढंच माहीत होतं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो, कारण हा ब्लॉग भरतीची तयारी करणारी पोरंही वाचतात. २१ जुलै २०१६ ला सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याच विषयावर निकाल दिला. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखं किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर मालक ते माफ करू शकतो, असं त्यात आहे. दुसरा एक मुद्दाही आहे. किरकोळ स्वरूपाचा खटला चालू आहे हे उमेदवाराने खरं सांगितलं असेल, तर त्या खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून त्याला नेमता येतं. मी हे २०१७ मध्ये एका सहकाऱ्याकडून ऐकलं, मग निकालच मिळवून वाचला. इंग्रजी कच्चं, डिक्शनरी घेऊन बसलो होतो. तो दुसरा मुद्दा मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. खरं लिहिलं असतं तर घेतलंच असतं असं नाही, ३२४ किरकोळ की नाही यावरही वाद झाला असता. पण दार उघडं राहिलं असतं. ते मी लावलं. तेव्हा पोरांनो, फॉर्ममध्ये खरं लिहा, मोठा भाऊ काहीही म्हणो.

२०१८ ला अकराही जण निर्दोष सुटले. ज्याच्या डोक्यात काठी बसली त्याने कोर्टात कोणालाच ओळखलं नाही, त्याची बहीण तोवर आमच्याच मंडळातल्या एकाला दिली होती. पण त्याच अटेस्टेशन फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न असतो, सरकारी ट्रेनिंगमधून कधी काढलं आहे का? त्याचं उत्तर आता होय झालं होतं. लहान्याने पुन्हा फॉर्म भरलाच नाही. कर्ज काढून दोन बेस, दोन टॉप, एक मिक्सर आणि जुना पिकअप घेतला. ज्या आवाजापायी नोकरी गेली त्याच आवाजावर आता त्याचं घर चालतं. लग्नसराई, गणपती, शारदा, आणि रात्री दहाला पोलिसांची गाडी दिसली की बंद.

म्हणून तो ‘गुरू परत आला’ मेसेज बघून मला झोप लागली नाही.

संध्याकाळी क्वार्टरवर बायकोसोबत चहा घेताना मोबाइलवर गाणी लावली. प्रामाणिकपणे सांगतो, अर्धी मला कळली नाहीत. गाड्या, पैसा, मी परत आलोय, मी सगळ्यात मोठा. ‘मिलियनेअर’ नावाचं गाणं कानात बसतं, पुढे तर ते मेसमधल्या पोरांच्या तोंडीही ऐकू येऊ लागलं. आवाज थोडा जड झालाय, आजारातून उठलेल्या माणसासारखा, आणि मला तेवढंच आवडलं. बायकोने सहाव्या का सातव्या गाण्याला बंद करायला सांगितलं. म्हणाली, “हा परत आला, चांगलं झालं. याच्या बायकोच्या परत येण्याचा अल्बम कोण काढणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, पप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही, आणि खोलीत निघून गेली.

बाहेर अंधार पडला होता आणि कारखान्याच्या बाजूचं आकाश नेहमीसारखं तांबडं झालं होतं. हे भिलाईचं रोजचंच. रशियाच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना, १९५९ च्या फेब्रुवारीत राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. राजहराच्या खाणीतून लाल माती येते आणि इथून एकसंध १३० मीटरचे रूळ निघतात. तुम्ही नागपूरहून मुंबईला जाता तेव्हा खाली जे असतं त्यातलं बरंचसं इथलं. गेटवर उभं राहिलं की शिफ्ट सुटताना हजारो माणसं सायकली-मोटरसायकलींवर अंगावरून जातात. बाकी गेटचं मी काही लिहिणार नाही, नियम माहीत आहेत तुम्हाला.

या कारखान्याच्या पगारपत्रकावर एक नाव होतं, ते मला इथे आल्यावर कळलं. तीजनबाई. पंडवानीवाल्या. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, पारधी समाजाच्या. आजोबांकडून ऐकून ऐकून महाभारत पाठ झालं. त्या काळी बायकांनी पंडवानी गायची तर बसून, वेदमती शैलीत. यांनी उभं राहून, तंबुरा कधी गदा तर कधी धनुष्य करत, कापालिक शैलीत गायली. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम, मानधन दहा रुपये. समाजाने बाहेर टाकलं. वेगळी झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणली, पण गाणं सोडलं नाही. पुढे हबीब तन्वीरांच्या नजरेत भरल्या, परदेश फिरल्या, पद्मश्री, पद्मभूषण आणि २०१९ ला पद्मविभूषण.

मी पंडवानी पहिल्यांदा नीट ऐकली ती इथल्याच एका गणपतीत. गायिका दुसरी होती, तरुण. गाता गाता ती बोलू लागते, बोलणं इतकं वेगात येतं की श्वास कुठे घेते कळत नाही, आणि मागचा रागी हुंकार देऊन तिला पुढे ढकलतो. मला छत्तीसगढी तेव्हा पुरती कळत नव्हती तरी भीम कधी चिडला ते बरोबर कळलं. मी लहान्याला व्हिडिओ पाठवला होता. त्याचं उत्तर : दादा, ही तर रॅप करून राहिली, फक्त बेस नाही.

तर लहान्या. गणपतीचा हंगाम आटोपून, सप्टेंबरच्या शेवटी, तो दोन दिवस भिलाईला आला. नागपूरहून वंदे भारतने दुर्गला उतरला, चहाचे पैसे तिकिटातच घेतात म्हणून चिडलेला. त्याला मैत्रीबाग दाखवला, सिव्हिक सेंटरला डोसा खाल्ला. रात्री क्वार्टरच्या पायऱ्यांवर बसलो. त्याने छोटा स्पीकर काढला आणि ‘ग्लोरी’ लावला.

त्याचं या विषयातलं ज्ञान बघून मी थक्क झालो. म्हणाला, हे नवीन नाही दादा. अमेरिकेत टी. आय. नावाचा रॅपर शस्त्रांच्या केसमध्ये घरात नजरकैदेत होता, तिथे बसून कागदावर गाणी लिहिली आणि २००८ ला ‘पेपर ट्रेल’ काढला. गूची मेन २०१६ च्या मे महिन्यात तुरुंगातून सुटला आणि जुलैत त्याचा अल्बम बाजारात. पुण्याच्या एमसी स्टॅनने तर २०२० च्या अल्बमचं नावच ‘तडीपार’ ठेवलं. आपल्याकडच्या राज मुंगासेचंही त्याने काढलं, २०२३ ला एका गाण्यावरून अंबरनाथला गुन्हा दाखल झालेला. तिथे मी त्याला थांबवलं. मी वर्दीत आहे बाबा, त्या गाण्यावर माझ्या पायरीवर चर्चा नको. तो हसला.

मग म्हणाला, “पाचपावलीले तो आला होता ना, तवा मी गेलो होतो. पिकअप घेऊन. पोचलो तोवर गेला होता.”

“कशाला गेला होतास?”

“पाहाले. ठाण्यातून बाहेर येते तवा माणूस कसा दिसते ते पाहाचं होतं.”

थोडा वेळ गाणंच वाजत राहिलं. मी विचारलं, तुला राग येत नाही का, हा एवढं सगळं करून परत येतो म्हणून? तो म्हणाला, “त्याचं काय, त्याले फॉर्म नाही भरा लागत. लोकं आयकतात, झालं. आपल्याले फॉर्म लागते.”

हे त्याने मला टोचायला म्हटलं नव्हतं. तो तसा नाहीच. पण नऊ वर्षं जे घशात होतं ते तिथे बाहेर आलं. म्हणालो, बाबांना मी सांगायला हवं होतं. नाही लिही, हे मीच म्हणालो होतो.

त्याने स्पीकरचा आवाज कमी केला. “आता काऊन काढतं ते? बाबा गेले.”

“आई आहे.”

“आईले सांगून काय होणार आहे?”

“माहीत नाही. पण तू खोटारडा म्हणून तिच्या डोक्यात राहू नये.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सांग मंग. पण मी असतानी नको सांगू. मले लाज वाटते.” लाज त्याला का वाटावी, हे मला अजून कळलेलं नाही.

दसऱ्याला चार दिवसांची सुट्टी मिळाली. लहान्या देवीच्या मिरवणुकीला साउंड घेऊन गेला होता. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसून सांगितलं. २०१५ चा फोन, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला, सगळं. माझ्या नोकरीला पंचविसावं वर्ष चालू आहे, साहेबांपुढे पेशीला उभा राहिलोय, पण एवढे पाय कधी जड झाले नव्हते.

आईचा हात थांबला. “तुया बापाले मालूम होतं का?”

“नाही.”

तिने परत सूप हलवलं. एक खडा काढून बाजूला टाकला, मग दुसरा. जेवायच्या वेळेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रात्री लहान्या आला तेव्हा तिने उठून त्याला गरम भाकर करून वाढली. आम्हा दोघांना नेहमी झाकलेलं जेवण असतं, कितीही उशीर झाला तरी. त्या रात्री त्याला गरम, मला झाकलेलं. लहान्याने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि जेवायला लागला.

हा लेख टाकण्याआधी मी त्याला वाचायला पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. एकच दुरुस्ती आहे : चार महिने नाही दादा, तीन महिने सतरा दिवस. बाकी टाक.